शिकाऊ पाहिजेत… पण शिकवणार कोण?

इंजिनिअरिंगला आल्यावर 'जॉब' या शब्दाला दोन अर्थ असतात हे कळतं. वर्कशॉपमध्ये 'जॉब' म्हणजे लोखंडाचा तो चौकोनी तुकडा. फाइलने घासून घासून आपल्या हाताला फोड येतात, पण हा पठ्ठ्या काही काटकोनात येत नाही. आणि प्लेसमेंट सेलमध्ये 'जॉब' म्हणजे… ते सांगायलाच नको! पहिल्या वर्षी पहिला जॉब छळतो, तिसऱ्या वर्षापासून दुसरा. हा लेख दुसऱ्या जॉबबद्दल आहे, पण खरं सांगू का, पहिल्याबद्दलही आहे. या दोघांची ताटातूट झाली तिथेच आपलं सगळं बिनसलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधीच एक सांगून ठेवते. मी कॉन्व्हेंटची. बाराखडी आईने घरी घोटवून घेतली आणि एकोणसत्तर की एकोणऐंशी यात माझा अजून गोंधळ उडतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावेत. 'तू इंग्रजी विभागात लिही ना' असं मला दोघा-तिघांनी सुचवलं होतं. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता. का, ते पुढे येईलच.

तर विषय आहे रोजगाराभिमुख प्रशिक्षण. शब्द भारदस्त आहे, पण वस्तू आपल्या रोजच्या पाहण्यातली. कॉलेजच्या गेटबाहेर पडा, विजेच्या प्रत्येक खांबावर एक फलक. 'पायथन शिका, डेटा सायन्स शिका, पीएलसी-स्काडा शिका, 100 टक्के जॉब गॅरंटी!' गेटच्या आत या, प्लेसमेंट सेलची नोटीस. ॲप्टिट्यूड, ग्रुप डिस्कशन, सॉफ्ट स्किल्स. पेपर उघडा तर योजनाच योजना. 2015 मध्ये केंद्राची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. 2016 मध्ये शिकाऊ उमेदवारांसाठी प्रोत्साहन योजना आली. 2024 मध्ये प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आली आणि त्याच वर्षी आपल्या राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, जिला सगळे 'लाडका भाऊ' म्हणतात. एवढा पाऊस पडल्यावर खरं तर कोणी कोरडं राहायलाच नको. पण आपल्याच सिनिअर बॅचचे किती जण गावी जाऊन बसलेत आणि फोन केला की 'चालू आहेत प्रयत्न' म्हणतात, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

माझा प्रश्न अगदी साधा आहे. या सगळ्यात शिकवतं कोण? शिकाऊ भरपूर आहेत. योजना आहे, पोर्टल आहे, विद्यावेतन आहे, सर्टिफिकेट आहे, उद्घाटनाचा फोटोसुद्धा आहे. शिकवणारा माणूस कुठे आहे?

शिकवणारा म्हणजे मला काय म्हणायचंय ते सांगते. आपल्या वर्कशॉपच्या फिटिंग सेक्शनला जे सर आहेत, ते आयटीआयचे. फिटर ट्रेड, नंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, नंतर नोकरी, मग इथे. आपण जॉब घेऊन गेलो की ते त्याला गुण्या लावतात, उजेडाकडे धरतात आणि मधून उजेड दिसला की काही न बोलता परत देतात. ती फट केसाएवढी असते. आपल्याला ती दिसतसुद्धा नाही. पण चौथ्यांदा जॉब परत आला की आपली आपल्याला दिसायला लागते. झालं! प्रशिक्षण म्हणतात ते हेच. ज्याला फट दिसते असा एक माणूस आणि ती दिसेपर्यंत जॉब परत करण्याचा त्याचा पेशन्स. या दोन गोष्टी नसतील तर बाकी सगळं असून नसल्यासारखं आहे.

आता थोडा इतिहास, कंटाळू नका. आपण स्वतःला 'डिग्रीवाले' समजतो आणि 'ट्रेनिंग' हा शब्द आयटीआयवाल्यांसाठी आहे असं मानतो. पण इंजिनिअरिंग कॉलेज ही मुळात कामाचं प्रशिक्षण देण्याचीच जागा. पुण्याचं सीओईपी 1854 साली सुरू झालं ते 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नावाने. इंग्रज सरकारला इमारती, धरणं, कालवे, पूल, रेल्वे बांधायची होती आणि त्यासाठी हाताखाली माहीतगार माणसं हवी होती. मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं. शहरात कापडगिरण्या वाढत होत्या आणि त्यांची यंत्रं सांभाळणारे तंत्रज्ञ हवे होते. इंग्रजांचा हेतू काही उदात्त नव्हता, त्यांना त्यांचं काम करून घ्यायचं होतं. पण क्रम सरळ होता. आधी काम, मग त्या कामासाठी वर्ग. आज क्रम उलटा झालाय. आधी वर्ग, मग फी, मग सर्टिफिकेट आणि काम… ते शोधतोय!

कॉलेजात होणाऱ्या 'ट्रेनिंग'पासूनच सुरुवात करू. बाहेरच्या एजन्सीचे ट्रेनर येतात, पाच दिवस राहतात. टाय कसा बांधायचा, हँडशेक किती घट्ट करायचा, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला काय सांगायचं. शेवटच्या दिवशी मॉक ग्रुप डिस्कशन. आमच्या ग्रुपमध्ये एक डायरेक्ट सेकंड इयरचा मुलगा होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पॉलिटेक्निक. हा मुलगा लेथवर जॉब सेट करतो, ड्रॉइंग हातात घेतलं की टॉलरन्स आधी वाचतो, त्याने गिअरबॉक्स उघडून परत बसवलेला आहे (आणि एकही नट उरला नाही!). त्याला मिळाले 10 पैकी 3. शेरा: 'नीड्स इम्प्रूव्हमेंट'. मला 9. विषय होता इलेक्ट्रिक वाहनं. त्यातली मोटर कशी चालते हे त्याला माहीत होतं आणि त्याबद्दल फाडफाड कसं बोलायचं हे मला.

ते 9 गुण माझ्या कौशल्याचे नव्हते. माझ्या आईबाबांनी बारा वर्षं भरलेल्या शाळेच्या फीचे होते. हे मी इंग्रजी विभागात लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, 'वा, काय इंग्लिश आहे!' आणि मुद्दा राहिला असता बाजूला. म्हणून मराठीत.

गैरसमज नको. इंग्रजी लागतं. मशिनचं मॅन्युअल इंग्रजीत असतं, क्लायंटचा ईमेल इंग्रजीत येतो, डेटाशीट काही कोणी मराठीत छापत नाही. इंग्रजी शिकवायलाच हवं. पण ते वर्षभर, आपल्या विषयातून, चुका करू देऊन शिकवावं लागतं. पाच दिवसांत इंग्रजी येत नाही. पाच दिवसांत न्यूनगंड मात्र पक्का येतो. आणि मग पेपरात बातमी येते की भारतातले इंजिनिअर 'अनएम्प्लॉएबल' आहेत. कोणाच्या मोजपट्टीने?

आता जरा कायद्याकडे वळते, कारण आपल्यापैकी बहुतेकांना तो असतो हेच माहीत नसतं. 1961 साली संसदेने शिकाऊ उमेदवारीचा कायदा केला. 1973 च्या दुरुस्तीनंतर त्यात पदवी आणि पदविकावालेही आले. म्हणजे चौथं वर्ष संपल्यावर तुम्ही एक वर्ष 'ग्रॅज्युएट ॲप्रेंटिस' म्हणून कारखान्यात शिकू शकता, कायद्याने. पश्चिम विभागासाठी त्याचं मंडळ मुंबईत सायनला आहे. 2019 च्या सुधारित नियमांनी 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते 15 टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक केलं आणि पदवीधराला महिन्याला किमान 9 हजार, पदविकाधारकाला 8 हजार विद्यावेतन ठरवलं. पदवी-पदविकावाल्यांच्या या किमान रकमेतला निम्मा भार केंद्र सरकार उचलतं.

ऐकायला छान आहे ना? आता कलम 18 बघा. त्यात म्हटलंय की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. हे वाक्य दुधारी आहे. चांगल्या कारखान्यात त्याचा अर्थ होतो, 'हा शिकायला आलाय, याच्याकडून शिफ्टचं टार्गेट मागू नका, याला मशिन समजावून द्या.' वाईट कारखान्यात त्याच वाक्याचा अर्थ होतो, 'हा कामगार नाही, म्हणजे याला कामगाराचे हक्क नाहीत.' वर्ष संपल्यावर त्याला नोकरी दिलीच पाहिजे असंही बंधन नाही. कंपनीने आपलं धोरण ठरवायचं एवढंच. मग एखाद्याने हिशेब केला की दर वर्षी जुने शिकाऊ घरी, नवे शिकाऊ लाइनवर, तर त्याला कोण अडवणार? एमआयडीसीत कोणाशीही बोला, या धंद्याची माहिती त्याला असते. एआयसीटीईने 2013 मध्ये 'नीम' नावाची योजना आणली होती, तरुणांना कामाचा अनुभव मिळावा म्हणून. 'नीम ट्रेनी' हा शब्द चाकण-भोसरीत शिकणाऱ्या मुलासाठी कमी आणि स्वस्त कामगारासाठी जास्त वापरला गेला. कायम कामगारांचं काम ट्रेनींकडून करून घेतलं जातं अशी कामगार संघटनांची तक्रार होती. शेवटी ती योजना गुंडाळली गेली. योजनेचा कागद वाईट नव्हता. पण शिकवलं की नाही हे बघणारं तिथे कोणीच नव्हतं.

सरकारी कार्यालयांत काय होतं ते मला घरातच बघायला मिळालं. माझा मावसभाऊ मराठवाड्यातला, बी.ए. झालेला. 2024 मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. वय 18 ते 35, मुदत 6 महिने. बारावी पासला महिन्याला 6 हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. दादाला एका सरकारी कार्यालयात जागा मिळाली. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "तुला येतं काय?" दादा म्हणाला, "शिकायलाच आलोय ना, साहेब." सगळे हसले म्हणे. मग झेरॉक्स, मग टपाल, मग आवक-जावक नोंदवही. तिथल्या लिपिकाची जागा बरेच दिवस रिकामी होती. दोन महिन्यांत दादा ते टेबल एकटा सांभाळायला लागला. त्याला काय शिकवायचं याचा कागद कोणाकडेही नव्हता. 2025 मध्ये मुदत 5 महिन्यांनी वाढली, 11 महिने झाले आणि मग एक दिवस संपलं.

मी त्याला विचारलं, "दादा, काहीच शिकला नाहीस का रे?" तो म्हणाला, "शिकलो नाही असं नाही गं. पण जे शिकलो त्याला बाहेर गिऱ्हाईक नाही."

हे प्रशिक्षणार्थी नंतर राज्यभर मोर्चे काढू लागले, 'आम्हाला कायम करा' म्हणून. तेव्हा फॅमिली ग्रुपवर एक काका लिहितात, 'फुकटची सवय लागली यांना.' मला पटत नाही. 11 महिने तुम्ही एखाद्याला रिकाम्या जागेवर बसवलंत, त्या जागेचं काम करून घेतलंत, लोक त्याला 'भाऊसाहेब' म्हणायला लागले, तर त्याला ती जागा आपली वाटणारच. तो शिकाऊ होता की बदली कामगार, हे आधी ठरवायला नको होतं?

याला माझ्या बाबांचं उत्तर असतं, "रिकामं बसण्यापेक्षा बरं ना? पैसे तर मिळाले." हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. त्या 10 हजारांत दादाने स्पर्धा परीक्षेच्या क्लासची फी भरली, मावशीच्या औषधांचा खर्च निघाला, आणि 'मुलगा ऑफिसात जातो' म्हणून गावात मान राहिला. कापसाला भाव नसलेल्या वर्षी घरात दर महिन्याला येणारे 10 हजार म्हणजे काय, हे पुण्यात बसून कळत नाही. मदत म्हणून ही योजना मला मान्यच आहे. मग तिला मदत म्हणा की! बेकारभत्ता म्हणा, त्यात लाज कसली? 'प्रशिक्षण' म्हटलं की मात्र हिशेब वेगळा. मग महिन्याला पैसे गेले का एवढं विचारून भागत नाही. माणूस कालच्यापेक्षा जास्त काय करू शकतो, हेही विचारावं लागतं. दोन्ही एकाच नावाखाली केलं की मदतही तात्पुरती राहते आणि शिकणंही राहून जातं.

केंद्राच्या इंटर्नशिप योजनेचं दुखणं थोडं वेगळं. 5 वर्षांत 1 कोटी तरुण, देशातल्या आघाडीच्या 500 कंपन्या, आणि 2024 मध्ये ठरलेल्या अटी: 12 महिने, वय 21 ते 24, महिना 5 हजार. प्रायोगिक पहिल्या फेरीत 82 हजारांच्या वर ऑफर दिल्या गेल्या. प्रत्यक्ष रुजू झाले 9 हजारांहून कमी. मुलं आळशी आहेत का? लांबच्या गावी, वर्षभर, 5 हजारांत राहून दाखवा. पुण्यात कॉट बेसिसवर जागा आणि दोन वेळची मेस म्हटली तरी ते पैसे पुरत नाहीत. म्हणजे ज्याच्या घरून पैसे येऊ शकतात त्यालाच ती परवडणार, आणि ज्याच्यासाठी आखली तो घरीच.

आणि छोटे कोर्स? कौशल्य विकास योजनेतले बरेचसे कोर्स 200-300 तासांचे. आयटीआयचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन मात्र दोन वर्षं शिकतो. छोटा कोर्स वाईटच असतो असं नाही. ज्याला काम येतंच, पण कागद नाही, अशा गवंड्याला किंवा वायरमनला थोड्या दिवसांत नवीन पद्धत शिकवून सर्टिफिकेट देणं ही उत्तम गोष्ट आहे. पण शून्यापासून सुरुवात करणाऱ्या मुलाला दोन-तीन महिन्यांत 'इलेक्ट्रिशियन' करून सोडणं म्हणजे खेळ आहे. अर्थिंग नीट न देणारा माणूस स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवावर बेततो. तिथे केसाएवढी फट चालत नाही.

मग नीट कुठे होतं? लांब जायला नको. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर असलेले डॉ. एस. एस. कलबाग नोकरी सोडून तिथे गेले आणि 1983 मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतली पीएच.डी. असलेला माणूस पाबळच्या माळावर शाळा सोडलेल्या मुलांना शिकवत बसला! तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा कोर्स एक वर्षाचा, राहून करायचा. वेल्डिंग-फॅब्रिकेशन, वायरिंग, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, सगळं थोडं थोडं आणि सगळं हाताने. मुख्य म्हणजे काम खोटं नसतं. गावातल्या कोणाला तरी खरोखर गेट हवं असतं, शेड हवी असते, विहिरीसाठी पाण्याची जागा बघून हवी असते. मुलं ते करून देतात. वेल्ड सुटलं तर गेट परत येतं आणि गेटबरोबर शेतकरीही येतो, आणि तो मार्क देत नाही, बोलतो! 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब निघाली ती कुठे? बोस्टनच्या शेजारी नाही, याच पाबळला. कलबाग सर 2003 मध्ये गेले. आश्रम चालू आहे. आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला दर वर्षी तोच कारखाना आणि नंतर तोच वॉटर पार्क करतो. एकदा पाबळला जायला काय हरकत आहे?

दुसरं उदाहरण जर्मनीचं, सगळे देतात म्हणून मीही देते, पण जरा वेगळ्या कारणासाठी. तिथली 'ड्युअल' पद्धत प्रसिद्ध आहे. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसायशाळेत, साधारण तीन ते साडेतीन वर्षं, आणि त्यासाठी 1969 चा कायदा. आपले मंत्री, आपले कुलगुरू जाऊन बघून आले, सगळ्यांनी 'ड्युअल' हा शब्द आणला. पण त्यातली एक गोष्ट विमानतळावरच राहिली वाटतं. तिथे कंपनीत शिकवणाऱ्या माणसालाही शिकवण्याची परीक्षा असते. नुसता अनुभवी असून चालत नाही, दुसऱ्याला कसं शिकवायचं हे येतं का, तेही तपासतात. आणि शिकाऊची शेवटची परीक्षा त्याची कंपनी घेत नाही, उद्योगांचं मंडळ घेतं. म्हणजे 'आमचा मुलगा आहे, करा पास' हा प्रकार नाही.

आपल्याकडे ही कल्पनाच नाही असं समजू नका. मुंबईत चुनाभट्टीला राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे, तिथे आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या निदेशकांना शिकवण्याचं शिक्षण मिळतं. राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. सगळा सांगाडा उभा आहे. पण शिल्प निदेशकाची जागा भरायची म्हटली की फाईल फिरत राहते आणि नव्या योजनेचं पोर्टल मात्र एका महिन्यात तयार होतं. का? पोर्टलचं उद्घाटन करता येतं. फिटिंगच्या सरांचं उद्घाटन कसं करणार?

सरकारला सल्ला देऊन झाला, आता आपल्याकडे येते. तिथे जास्त बोचणार आहे.

इंटर्नशिपला आता अभ्यासक्रमात क्रेडिट आहे. एआयसीटीईच्या 2018 च्या नमुना अभ्यासक्रमापासून ती वाट पक्की झाली. हेतू उत्तम. आणि आपण काय करतो? ओळखीच्या काकांच्या कंपनीचं लेटरहेड शोधतो. नाहीतर 'ऑनलाइन इंटर्नशिप' नावाखाली पैसे भरून सर्टिफिकेट घेतो, चार व्हिडिओ, एक क्विझ, झालं. मग सहा महिन्यांनी आपणच ओरडतो की इंडस्ट्री फ्रेशर्सना घेत नाही. अरे, इंडस्ट्रीला तो कागद आपल्यापेक्षा चांगला वाचता येतो!

म्हणून माझं म्हणणं असं की कुठल्याही प्रशिक्षणाला, ते खांबावरचं असो, सरकारी असो की कंपनीचं, पैसे किंवा सही देण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. एक, मला शिकवणाऱ्या माणसाचं नाव काय? 'एक्सपर्ट फॅकल्टी' हे नाव नव्हे. दोन, मी रोज काय केलं ते लिहिलेली वही कोण तपासणार आणि चुकलं तर परत कोण देणार? तीन, संपल्यावर मी कोणाच्या मदतीशिवाय काय करू शकेन? याचं उत्तर क्रियापदात मिळालं पाहिजे. 'करिअर घडेल' हे उत्तर नव्हे. 'थ्री फेज मोटरचं कनेक्शन करता येईल', 'ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम लिहून व्हीएमसीवर पीस काढता येईल', 'दिलेला डेटा साफ करून रिपोर्ट देता येईल', ही उत्तरं. तीनपैकी एकाचंही उत्तर नसेल तर तो क्लास नाही, दुकान आहे.

आणि कॉलेजसाठी एकच मागणी. प्राचार्य सर आणि टीपीओ सर हे वाचतील अशी आशा आहे. पाच दिवसांच्या ट्रेनिंगला जे पैसे जातात, त्यातले थोडे वर्कशॉपकडे वळवा. शनिवारी वर्कशॉप उघडं ठेवा आणि फिटिंगच्या, वेल्डिंगच्या सरांना त्याचं वेगळं मानधन द्या. लेथ आठवड्यातले कित्येक तास झाकून असतात. डायरेक्ट सेकंड इयरच्या मुलांना शिकवायला सांगा आणि त्यांच्या रेझ्युमेवर तसं लिहून द्या. बदल्यात आम्ही कॉन्व्हेंटवाले त्यांच्याबरोबर बसून ईमेल लिहू, मॅन्युअल वाचू, जीडी करू. तो मला ड्रॉइंग वाचायला शिकवेल, मी त्याला 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'. यात दोघांचाही फायदा आहे, आणि एजन्सीची फी शून्य.

शेवटचा मुद्दा प्रतिष्ठेचा. 'ॲप्रेंटिस' म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. "इंजिनिअर होऊन शिकाऊ?" असं नातेवाईक विचारतात. का हो, डॉक्टर इंटर्नशिप करतो तेव्हा त्याला असं विचारता का? सीए होणारा मुलगा आर्टिकलशिप करतो, वकील सिनिअरच्या हाताखाली फायली उचलतो. त्यांना पैसे कमीच मिळतात, पण कोणी हसत नाही, कारण त्यांना शिकवणारं कोण आहे हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्यालाही तेवढंच हवंय.

पुढच्या वर्षी आपल्यापैकी काहींना ऑफर लेटर मिळेल, काहींना ट्रेनी म्हणून बोलावणं येईल, काहींना यातलं काहीच मिळणार नाही आणि खांबावरचा नंबर फिरवावासा वाटेल. मी स्वतः यातल्या कुठल्या रांगेत असेन, आज सांगता येत नाही. एक नक्की ठरवलंय. 9 हजारांवर शिकाऊ म्हणून जायची माझी तयारी आहे, पण मला शिकवणाऱ्याचं नाव कळल्याशिवाय मी सही करणार नाही. तुम्हीही करू नका. एकट्यादुकट्याने विचारलं तर एचआरवाले हसतील. अख्ख्या बॅचने विचारलं तर त्यांना उत्तर शोधावं लागेल.

बघा, पटतंय का.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल